शेऱ्याचा रकाना

राजेश्वरीला पसारा खपत नसे. घरात नाही, टेबलावर नाही आणि डेटाबेसमध्ये तर मुळीच नाही. गंमत म्हणजे ही बाई शनिशिंगणापूरची. माहेरच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. कुत्रं आत येऊ नये म्हणून एक फळी आडवी लावत, तेवढाच काय तो बंदोबस्त. आणि त्याच घरात वाढलेल्या राजेश्वरीने केडगावच्या ऑफिसात बसून रामहरी भांडाराच्या माहितीला अशी कुलपं घातली होती, की तिने हो म्हटल्याशिवाय खुद्द मालकांनाही तूरडाळीचा साठा दिसत नसे.

रामहरी भांडार म्हणजे एके काळी शेवगावच्या बाजारतळाजवळचं एक किराणा दुकान. आता जिल्ह्यात त्याच्या तेवीस शाखा झाल्या होत्या. सुईदोऱ्यापासून कुकरपर्यंत सगळं एका छपराखाली मिळायचं, आणि कुठल्याही शाखेत काडेपेटी जरी विकली तरी तिची नोंद त्याच क्षणी केडगावला उमटायची. मालक रामहरीअण्णा सत्तरीला टेकलेले. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण दर खंडेनवमीला सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ ते स्वतःच्या हाताने घालत. माळ ओली नको, अशी अट राजेश्वरीने घातली होती आणि अण्णांनी ती निमूट पाळली होती. कपाटासमोर हात जोडलेले अण्णा पाहून तिला हसू यायचं. बारा वर्षं रोज तेच काम केल्यावर तिला त्या कपाटाचं नवल उरलं नव्हतं.

गेली सहा वर्षं भांडाराचा एक नियम होता. मोबाईल नंबर घातल्याशिवाय बिल फुटायचं नाही. एक गिऱ्हाईक, एक नंबर, एक नाव. कागदावर हे फार छान दिसायचं. प्रत्येक बिलाला शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. माल परत आला, पाकीट फाटकं निघालं, असं काही असेल तर तिथे लिहावं म्हणून राजेश्वरीने तो ठेवला होता. काउंटरवरच्या पोरींनी त्याचं भलतंच करून ठेवलं. त्यात ‘अंगदची आई’, ‘मोठ्या घरची सून’, ‘पायाला लागलेली मावशी’ असलं काहीबाही भरलेलं असायचं. सगळ्यांत जास्त घाण शेवगाव शाखेत, दोन नंबरच्या काउंटरवर, जया नावाच्या मुलीची. तिथूनच ती साथ राहुरीला गेली, श्रीरामपूरला गेली, नेवाशाला गेली. शिवाय याच काउंटरवरून रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एकच नंबर शोधला जायचा, त्याची जुनी बिलं पाहिली जायची आणि नवं बिल न करताच पान मिटायचं. राजेश्वरीने वहीत ‘बिनकामाचा शोध’ अशी त्याची नोंद करून ठेवली होती.

कार्तिकातल्या एका रविवारी तिने झाडू हातात घेतला. सहा वर्षांच्या सगळ्या बिलांमधला शेरा पुसला आणि काउंटरवरून तो रकाना बंद करून टाकला. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, की आज जरा श्वास मोकळा झाला.

सोमवारी जयाचा फोन आला. मॅडम, शेऱ्याचा रकाना दिसत नाही, चालू कराल का, असं तिने अदबीने विचारलं. राजेश्वरीने तिला चांगलंच फैलावर घेतलं. गिऱ्हाइकांची टोपणनावं लिहायला ही काय शाळेची वही आहे का, तुमच्या एका काउंटरपायी साडेअकरा हजार ओळींची घाण मला साफ करावी लागली, वगैरे वगैरे. जया ‘बरं मॅडम’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण कामाच्या गडबडीत राजेश्वरीने तिकडे लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास नाचणीचं सत्त्व दळून देणाऱ्या गिरणीच्या मालकाचा फोन आला. त्याची बोबडी वळली होती. ऑक्टोबरात एका दिवशी गिरणीत उंदरांचं औषध सांडलं होतं आणि कामगाराने ते भीतीपोटी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीचा माल तीनशे साठ पाकिटं. किती पाकिटांत काय गेलं, ते त्याला सांगता येईना. सगळा माल रामहरी भांडाराकडेच आला होता, आणि हे सत्त्व दुसऱ्या कुणी खात नाही, आईच्या दुधावरून वरच्या खाण्यावर आलेली तान्ही पोरंच खातात.

राजेश्वरीने कीबोर्ड पुढे ओढला. तिने बॅचचा नंबर घातला आणि विक्री रोखली. मिनिटभरात संगमनेरहून फोन आला, की एका बाईच्या हातातलं सत्त्वाचं पाकीट मशीन घेतच नाही, लाल दिवा लागतोय. राजेश्वरी म्हणाली, ते पाकीट बाईंकडून काढून घ्या आणि आधी बाजूला ठेवा. मग तिने डेटाबेसला विचारलं, की तीनशे साठ पाकिटं आत्ता कुठे आहेत. तिसऱ्या सेकंदाला उत्तर आलं. एकशे अठ्ठेचाळीस फळ्यांवर. दोनशे बारा विकलेली. विकलेल्या प्रत्येक पाकिटापुढे शाखा, काउंटर, तारीख, वेळ आणि नंबर.

ऑफिसातली दहा माणसं फोनला बसली. अण्णा आले आणि राजेश्वरीच्या खुर्चीमागे उभे राहिले. कुणी बसा म्हणालं तरी बसले नाहीत. पारनेरला एक आजी म्हणाली, पाकीट कालच फोडलंय. त्या नातवाला डॉक्टरकडे धाडलं. कोपरगावच्या एका मुलीला दोन दिवस उलट्या होत होत्या आणि आईबाप दृष्ट काढत बसले होते. ती दवाखान्यात पोचली, सलाईन लागलं आणि दीड वाजता डॉक्टरांनी कळवलं, की धोका टळला. दोन वाजेपर्यंत दोनशे अकरा पाकिटांचा ठिकाणा लागला.

एक राहिलं.

चोवीस ऑक्टोबर, शेवगाव, काउंटर दोन, सकाळी दहा वाजून सात मिनिटं. एक पाकीट सत्त्व, मीठ, काडेपेट्या, दोरी. नंबर भिमाजी नावाच्या गिऱ्हाइकाचा. राजेश्वरीने स्वतः फोन लावला. पलीकडे ट्रकच्या इंजिनाचा आवाज होता. भिमाजी ऊसतोड टोळ्यांचा मुकादम निघाला. तिने सगळं सांगितलं तसं त्याने ट्रक बाजूला घ्यायला लावला.

“ताई, त्यो नंबर माझा हाय, पर सामान माझं नस्तं,” तो म्हणाला. “आमच्या आख्ख्या वस्तीचा त्यो नंबर हाय. बायामानसांकडं कुठं फोन अस्त्यात? दुकानात नंबर मागत्यात, मंग समद्या माझाच सांगत्यात. चाळीस कोयतं हायेत आमचं, चार कारखान्यांला गेल्यात. तान्ही लेकरं म्हनाल तर धा-बारा असतील. तुमी म्हनता ते पाकीट कुनी घेतलं, ते मला कसं कळावं?”

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एवढं राजेश्वरीला माहीत होतं. चाळीस जोड्या, चार कारखाने, आणि या वेळेला सगळे उसाच्या फडात. तिने एक गिऱ्हाईक, एक नंबर, एक नाव म्हटलं होतं. ते एक गिऱ्हाईक म्हणजे एक वस्ती होती. सहा वर्षं तिने ती वस्ती एकच माणूस म्हणून मोजली होती. भिमाजीने जमेल तितक्यांना फोन लावतो म्हटलं, पण त्याच्या आवाजातच कळत होतं, की संध्याकाळपर्यंत कुणी फोन उचलणार नाही.

राहिली जया. बिल तिनेच केलं होतं. राजेश्वरीने शेवगावला फोन लावला आणि विचारलं, आठव बाई, चोवीस तारखेला सत्त्वाचं पाकीट कुणी नेलं.

“त्या दिवशी ट्रका दारात उभ्या हुत्या मॅडम. दोनशे बिलं केली असतील मी. चेहरा न्हाई आठवत,” जया म्हणाली. “पर मी लिहिलं हुतं. शेऱ्यात लिहिलं हुतं.”

मागे अण्णा उभे होते. सोमवारी जिला झापलं, तिने ते पाकीट कुणाचं ते बिलावर लिहिलं होतं, आणि आपण ते रविवारी दुपारी चहा पीत पीत पुसलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आत्ता रडत बसायलाही वेळ नव्हता.

कुलपं घालणारी बाई शिस्तीची होती, हे त्या दिवशी कामाला आलं. दर शनिवारी सगळ्या डेटाबेसची एक नक्कल वेगळ्या मशीनवर काढून ठेवायचा तिचा नेम होता. शनिवारची नक्कल म्हणजे रविवारच्या झाडूच्या आधीची. ती उघडून उभी करायला पन्नास मिनिटं लागणार होती. काम चालू झालं. पडद्यावर आकडे पळायला लागले. चार कोटी ओळी, सात कोटी, नऊ कोटी. अण्णांनी हळूच विचारलं, की हे काय होतंय. राजेश्वरी म्हणाली, की अण्णा, आपण सहा वर्षांत जे जे विकलं, ते सगळं परत येतंय. अण्णांनी दाराबाहेर जाऊन चपला काढल्या आणि पुन्हा आत येऊन उभे राहिले. या वेळी तिला हसू आलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने भिमाजीचा नंबर घातला, आणि शेऱ्याच्या रकान्यासकट त्या नंबराची सहा वर्षं समोर उघडली. तिला हवी होती ती एकच ओळ. ती लगेच सापडलीही: ‘अंगदची आई, धाकटीसाठी’. अंगदला धाकटी बहीण झाली असणार. पण भिमाजीला फोन लागेपर्यंत जो मिनिटभर गेला, त्यात तिचे डोळे खाली खाली सरकत राहिले आणि हटेनात.

दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला शेवगावला त्या नंबरावर दोऱ्या, ताडपत्र्या, कानस, विजेऱ्या. मग शेवगाव गप्प. आठवड्याने तोच नंबर राहुरीत उगवायचा, श्रीरामपुरात उगवायचा, कोपरगावात उगवायचा, आणि तेल, चहा, मीठ थोडं थोडं घेत राहायचा. चैत्रात पुन्हा शेवगाव, आणि त्या वेळी नव्या बांगड्या, पोरांना वह्या, कुणाच्या तरी लग्नाचं सामान. ‘नवी सून, लाजते’ अशी एका वर्षीची ओळ. पुढच्या वर्षी तीच ‘नवी सून, पोटुशी’. त्याच्या पुढच्या वर्षी ‘अंगदची आई’. अख्ख्या वस्तीचं जाणं आणि परतणं, लेकरं होणं, म्हातारी माणसं कमी होणं, सगळं त्या कपाटात तारीखवार पडून होतं आणि तिने ते कधी वाचलं नव्हतं. मध्येमध्ये ‘जयाची आई’ असा एक शेरा पुन्हा पुन्हा दिसत होता, पण तेवढ्यात भिमाजी बोलायला लागला.

अंगदची आई म्हणजे लंकाबाई, त्याने क्षणात सांगितलं. राहुरीकडच्या टोळीत आहे. फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो बंद लागतोय. टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, कॅनॉलच्या कडेला, जुन्या गुऱ्हाळाजवळ पडल्यात, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

राहुरी म्हटल्यावर राजेश्वरीने चालू डेटाबेसमध्ये त्या नंबराचं राहुरी शाखेतलं शेवटचं बिल काढलं. बुधवारचं, म्हणजे आदल्या दिवशीचं बिल होतं. शेरा अर्थातच कोरा. गूळ पाव किलो, वेलदोडे, तूप लहान बाटली, स्टीलची छोटी वाटी, छोटा चमचा, लाल झबलं, टोपडं. तिने ती यादी एकदा वाचली, पुन्हा वाचली. तिच्या लेकीच्या वेळी हेच सामान तिच्या आईने शिंगणापूरहून आणलं होतं.

“अण्णा, उष्टावण आहे,” ती म्हणाली. “पाकीट उष्टावणासाठी राखून ठेवलंय. आजच करणार असतील.”

राजेश्वरीने राहुरीला फोन लावून सगळं सांगितलं. राहुरी शाखेचा मॅनेजर ज्ञानेश्वर मोटारसायकल काढून कॅनॉलच्या दिशेने निघाला होता. राजेश्वरीकडे आता करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं विचारून झालं होतं, सगळी उत्तरं मिळाली होती, आणि एक माणूस कच्च्या रस्त्याने गाडी हाकत होता. तिने देवाला एकदाच म्हटलं, की माझ्या नीटनेटकेपणाची शिक्षा त्या पोरीला देऊ नकोस.

चारला दहा कमी असताना ज्ञानेश्वरचा फोन आला. तो धापा टाकत होता. बाई भेटली म्हणाला, पाकीट भेटलं, आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.

“न्हाई फोडलं ताई,” लंकाबाई म्हणाली. “सकाळपासनं सारवून, पाट मांडून बसलेय. पर माझा भाऊ यायचा हाय न्हवं? त्यो नेवाशाकडच्या टोळीत. त्याच्या ट्रॅक्टरचं टायर फुटलं वाटंत. मामानं पयला घास दिल्याबिगर पाकीट कसं फोडायचं? पोरगी रडून रडून झोपली.”

राजेश्वरीने डोळे पुसले. अण्णा केव्हाच दुसरीकडे तोंड करून उभे होते. तिने लंकाबाईला सांगितलं, की ज्ञानेश्वर दुसरं पाकीट देईल, चांगलं, आजच्या आज. लंकाबाईने बरं म्हटलं, पण फोन ठेवला नाही.

“ताई, येक विचारू? आमी कुठं हाय ते आमच्या गावच्या मानसांला ठावं न्हाई. तुमाला केडगावात बसून कसं कळलं, की माझ्या पोरीचं आज उष्टावन हाय?”

कुणीतरी लिहून ठेवलं होतं, एवढंच राजेश्वरी म्हणाली.

सगळं आवरल्यावर, पाच वाजता, तिने शेवगावला फोन केला. पाकीट मिळालं, पोरगी सुखरूप आहे, हे जयाला आधी सांगितलं. मग सोमवारबद्दल माफी मागितली. हे शब्द तिच्या तोंडून सहज निघत नसत, तरी मागितली. आणि मग विचारलं, की भिमाजीच्या नंबरावर ‘जयाची आई’ असा शेरा दिसतो राहुरीत, ती कोण.

शेजारच्या मुलीला काउंटर सांभाळायला सांगून जया फोन घेऊन बाजूला गेली.

“माझी आई हाय मॅडम. बनुबाई. मामाच्या टोळीत मोळ्या बांधायला जाती,” ती म्हणाली. “तिच्यापाशी फोन न्हाई. वडील गेल्यापासनं दर साली सा महिनं मला तिचा आवाज आयकू येत न्हाई, कवातरी मामा लावतो तेवढाच. आपल्या राहुरीच्या पोरीला मी सांगून ठेवलंय, आई आली की शेऱ्यात लिही. मंग सकाळी दुकान उघडलं की मी त्यो नंबर टाकून बघती. कवा चा पावडर नेली, कवा साबन नेला. म्हंजी चालती फिरती हाय. अंगदुखीची गोळी नेली की त्या दिशी कामात जीव लागत न्हाई. बाकीच्या बायांचंबी तसंच लिहीत गेले, त्यांचीबी कुनीतरी वाट बघतच असतील की. रविवारपासनं समदं कोरं दिसाय लागलं. तुमाला सांगनार हुते मी. पर तुमी घान म्हनला, मंग न्हाई बोलले.”

राजेश्वरीच्या वहीत ते पान उघडंच होतं. बिनकामाचा शोध, शेवगाव, काउंटर दोन, रोज सकाळी. तिने पेन उचललं, परत ठेवलं, आणि ते पानच फाडून टाकलं. त्या संध्याकाळी तिने पुसलेला सगळा शेरा जागच्या जागी परत घातला, साडेअकरा हजार ओळी, एक न गाळता. रकाना तेवीसही शाखांत उघडा केला. शिस्तीची बाई असल्यामुळे सगळ्यांना लेखी सूचनाही काढली: गिऱ्हाईक स्वतःची ओळख जशी सांगेल तशीच लिहावी. राहुरीच्या काउंटरवरच्या मुलीला मात्र तिने वेगळा फोन केला, लंकाबाईच्या कोपीशेजारी बनुबाई राहते का ते विचारलं आणि ती आली की तिची खुशालीही शेऱ्यात लिही म्हणून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर ऑफिसात आली. चहा टेबलावर तसाच ठेवून पडद्यासमोर बसली. नऊ वाजून चार मिनिटांनी शेवगावच्या दोन नंबर काउंटरवरून भिमाजीचा नंबर शोधला गेला. शेवटचं बिल आदल्या संध्याकाळचं, राहुरी शाखा. चहा पावडर, खोबरेल तेल, पेढे पाव किलो. शेरा: जयाची आई, बरी आहे, लंकाच्या पोरीच्या उष्टावणाला जेवून आली.

नवं बिल झालं नाही. पान मात्र मिटलंही नाही. सात मिनिटं ते शेवगावला तसंच उघडं होतं, आणि केडगावला राजेश्वरी त्याच्या सोबतीला बसून राहिली.